अकराची उपासना: इंदूरमधल्या एका मंडळीचं प्रकरण

इंदूरच्या एका ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारी दोन उपासना व्हायच्या. साडेआठला हिंदी, अकराला मराठी. हिंदीला बाकं भरत. मराठीला पंचवीसेक माणसं, त्यातली बहुतेक साठीच्या पुढची. २०२३ च्या पावसाळ्यात पास्टरसाहेबांनी कमिटीपुढे प्रस्ताव ठेवला, की मराठी उपासना बंद करावी आणि अकराची वेळ विद्यार्थ्यांना द्यावी. मराठी लोकांनी साडेआठला हिंदीत बसावं, महिन्यातून एकदा मराठी भजनं घ्यावीत. पुढच्या हिवाळ्यापर्यंत या प्रस्तावावरून जे झालं, ते इथे मांडतो आहे. मंडळीचं आणि माणसांची नावं दिलेली नाहीत, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी तिथला सभासद नाही. दोन्ही बाजूंशी बोलणं असल्यामुळे मला सभांना बसू दिलं, इतकंच.

ही माणसं कोण

इंदुरात मिशनचं काम कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मंडळींनी १८७७ मध्ये सुरू केलं. इंदूर ख्रिश्चन कॉलेज १८८७ चं. राज्य होळकरांचं होतं, तरी मिशनने मुख्यतः हिंदी धरली, कारण माळव्यातल्या खेड्यांत मराठी कोण बोलणार? या मंडळीतली मराठी कुटुंबं त्यानंतर कितीतरी वर्षांनी आली, नगरकडून, जालन्याकडून. कुणी कापड मिलमध्ये लागलं, कुणी रेल्वेत, कुणी एमवाय हॉस्पिटलात नर्स म्हणून. घरात मराठी, बाजारात हिंदी. सुरुवातीला ही माणसं हिंदी उपासनेतच मागे बसायची. मग महिन्यातून एक मराठी उपासना मिळाली, नंतर दर रविवारी. म्हणजे अकराची उपासना त्यांना कुणी वाढून दिलेली नव्हती, त्यांनी मागून मिळवलेली होती. प्रस्ताव मांडताना हा इतिहास कुणीच काढला नाही. बहुधा तिथेच पहिली ठिणगी पडली.

विद्यार्थी वेगळेच. भंवरकुआँच्या कोचिंग क्लासमधली आणि नर्सिंग कॉलेजांतली ही मुलं-मुली. बरीचशी झाबुआ-अलीराजपूरकडची भिल्ल, थोडी झारखंडची. रूम करून राहणारी, हातावर पैसे मोजके. रविवारी सकाळी क्लासची टेस्ट, त्यामुळे साडेआठ जमत नाही. ती अकराच्या सुमारास यायची आणि मराठी उपासना संपेपर्यंत बाहेर पायऱ्यांवर बसायची. पाऊस आला की आत शेवटच्या बाकांवर. प्रवचन कळत नसे, आणि मोबाइल काढला की पुढून एखादी आजी मान वळवून बघे. बारानंतर मग पाऊण तास गिटारवर हिंदी गाणी आणि प्रार्थना. तेवढ्यात सेक्रेटरीकाका दारात उभे राहून किल्ल्यांचा जुडगा वाजवू लागत, कारण त्यांना जेवायला घरी जायचं असे.

कमिटीत सात जण. त्यातले चार मराठी, सगळे जुने. खजिना आणि किल्ल्या त्यांच्याच हातात. विद्यार्थ्यांचा कमिटीत एकही नाही, आणि असावा असं कुणाला सुचलंही नव्हतं.

प्रवचनपीठावरून

पास्टरसाहेब हिंदी भाषक, बदलून आलेले, कष्टाळू माणूस. मराठी वाचतात, बोलताना अडखळतात आणि त्यावर स्वतःच हसतात. त्यांचा हेतू स्वच्छ होता, हे त्यांच्या विरोधकांनीही मला सांगितलं. पण प्रस्ताव कमिटीत अडकल्यावर त्यांनी ओळीने तीन रविवार त्याच विषयावर प्रवचनं दिली. पहिल्या रविवारी अब्राहाम: पंचाहत्तर वर्षांचा असताना देवाच्या शब्दावर हारान सोडून निघाला. दुसऱ्या रविवारी बायबलमधल्या यशया या संदेष्ट्याच्या ग्रंथाचा त्रेचाळिसावा अध्याय: जुन्या गोष्टी आठवू नका, मी नवीन काहीतरी करतो आहे. तिसऱ्या रविवारी येशूचा दाखला: नवा द्राक्षारस जुन्या बुधल्यांत घालत नाहीत.

पहिल्या बाकांवर सत्तरी-पंचाहत्तरीची माणसं बसलेली. त्यांनी काय ऐकलं असेल? 'तुमचा विश्वास कमी पडतो आहे', हेच. पास्टरसाहेबांना तसं म्हणायचं नव्हतं, पण व्यासपीठावरून केलेल्या युक्तिवादाला खालून उत्तर देता येत नाही, आणि ज्याला उत्तर देता येत नाही तो मनात धरून घरी जातो. मंडळीतला वाद प्रवचनात नेऊ नये, असं माझं सरळ मत आहे. शास्त्रवचन एका बाजूचं वकील झालं की दुसरी बाजू वचनाशीच भांडते आहे असं दिसू लागतं.

शिवाय वचनंही अर्धीच घेतली गेली. जो यशया त्रेचाळिसाव्या अध्यायात जुन्या गोष्टी आठवू नका म्हणतो, तोच ग्रंथ शेहेचाळिसाव्यात प्राचीन काळच्या गोष्टी आठवा म्हणतो. आणि ते 'नवीन' बाबेलातल्या बंदिवानांना सांगितलेलं होतं. ज्यांचं सगळं आधीच गेलं होतं, त्यांना दिलेला तो धीर होता. हातात आहे ते सोडा, असा हुकूम नव्हता.

उत्तर आलं ते बुधवारच्या प्रार्थना सभेत. मंडळीत एक आजोबा आहेत, हुकुमचंद मिलमध्ये नोकरी केलेले. ती मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली आणि कामगारांच्या थकलेल्या पैशांचा निकाल लागला तो २०२३ च्या डिसेंबरात. आजोबांनी बायबलमधल्या गणना या पुस्तकाचा नववा अध्याय वाचला: निवासमंडपावरचा, म्हणजे वाळवंटातल्या उपासनेच्या तंबूवरचा, मेघ उठला की इस्राएल लोक निघत, मेघ राहिला की राहत, मग ते दोन दिवस असोत, महिना असो, की वर्ष. वाचून झाल्यावर पुस्तक मिटून ते एवढंच म्हणाले, "निघणं म्हणजेच विश्वास, असं इथे लिहिलेलं नाही. थांबणं पण त्याच्याच हुकुमाने होतं. मी मिलच्या पैशासाठी बत्तीस वर्षं थांबलोय. मला धीर कुणी शिकवू नये."

त्यावर "आमेन" कुणी म्हणालं नाही, पण खंडनही केलं नाही.

मला हे उत्तर प्रवचनांपेक्षा खोल वाटलं, आणि तरीही पुरं वाटलं नाही. मेघ अजून उठलेला नाही हे आजोबांनी कशावरून ठरवलं? पायऱ्यांवर बसलेली पोरं हा मेघ हलल्याचा इशारा नसेलच कशावरून? दोन्ही बाजूंना देवाचं म्हणणं आपल्या बाजूने आहे याची खात्री होती. अशा वेळी 'देवावर विश्वास ठेवा' हे वाक्य दोन्हीकडून दगडासारखं फेकलं जातं, आणि लागतं नेमकं त्याला, ज्याचं काही जाणार असतं.

टिळकांवरून झालेली चकमक

ऑक्टोबरातली सर्वसाधारण सभा उपासनेनंतर हॉलमध्ये झाली. पोहे, शेव, चहा, मग वाद. मराठी घरातला एक तरुण उभा राहिला. आई-वडील मराठी उपासनेतले, स्वतः विद्यार्थ्यांबरोबर गिटार वाजवणारा. त्याने चांगली तयारी केली होती. त्याचं म्हणणं असं: तुम्ही ज्या भजनांसाठी भांडता आहात ती ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची. टिळकांच्या आधी आपल्या देवळांत, म्हणजे चर्चमध्ये, इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरित गीतं चालायची. टिळकांनी अभंग आणला, ओवी आणली, कीर्तन आणलं, तेव्हा तेही नवीनच होतं. १९१७ साली तर त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' नावाचा भक्तांचा संघ उभा केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही होते. वय पन्नाशीच्या पुढे, पगार नाही. दोन वर्षांत, १९१९ मध्ये, ते गेले. "त्यांना मानता तर मग बदलाला का भिता?"

मुद्दा बिनतोड वाटत होता. तोवर दुसऱ्या रांगेतल्या आजी बसल्या जागेवरून म्हणाल्या, "बाळा, टिळकांनी गाणं आपल्याकडे आणलं. तू ते आपल्याकडून न्यायला निघालायस. दोन्हीला बदलच म्हणायचं का?"

हॉलमध्ये हशा पिकला, पोरगा लाल झाला. पण नंतर तो मला म्हणाला की आजींचं बरोबर होतं, आणि आपण सभेत मराठी म्हणून जे बोललो त्यात अर्धी हिंदी होती, तेही त्यांनी पकडलं असणार. आजींच्या त्या एका वाक्याने चर्चेची दिशा फिरली असं मला आज वाटतं. तोवर सगळे 'बदल हवा की नको' यावर भांडत होते. बदल कुणाकडून कुणाकडे सरकतो आहे, हे विचारायचं राहूनच गेलं होतं.

त्या दिवशी मात्र सभा काही न ठरवताच उठली. सेक्रेटरीकाकांनी इतिवृत्तात लिहिलं: 'विषय पुढे ढकलला.'

सिस्टरमावशींचा प्रश्न

एमवायमधून निवृत्त झालेल्या एक नर्स, सगळ्यांच्या सिस्टरमावशी, महिला मंडळाचा शास्त्राभ्यास घेतात. नोव्हेंबरभर त्यांनी बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा सहावा अध्याय घेतला, आणि त्या अभ्यासाला विद्यार्थिनींनाही बोलावलं. मी त्यातल्या एका बैठकीला होतो.

गोष्ट सर्वांना माहीत असलेली. यरुशलेमची मंडळी वाढली आणि कुरकुर सुरू झाली, की रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांची उपेक्षा होते. भाषेवरूनच दोन गट. मावशींनी विचारलं, प्रेषितांनी त्या बायांना काय सांगितलं? देवावर भरवसा ठेवा, कुरकुर करू नका? नाही. त्यांनी व्यवस्था बदलली. सात माणसं निवडून घ्यायला लावली आणि वाटपाचं काम त्यांच्या हाती दिलं. मग मावशींनी ती नावं फळ्यावर लिहिली: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही ग्रीक नावं. त्या काळी पॅलेस्टाइनमधले यहुदीही ग्रीक नावं ठेवत, त्यामुळे नावांवरून छातीठोक काही सांगता येत नाही, पण ज्यांची तक्रार होती त्यांच्याच बाजूची माणसं बहुधा पुढे आली, असं बरेच अभ्यासक मानतात.

"आता आपल्याकडे विधवा कोण?" मावशींनी विचारलं. कुणी म्हणालं मराठी लोक, कुणी म्हणालं विद्यार्थी. मावशी म्हणाल्या, "पोरांना किल्ली मिळत नाही, आणि आपल्याला आपल्या भाषेत बोलणारा पास्टर मिळत नाही. उपाशी दोघं आहेत. पोटभर जेवलेले कोण?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. उत्तर साधं होतं, पण चार महिन्यांत कुणी दिलं नव्हतं: साडेआठची उपासना. सगळ्यांत मोठी, सोयीची वेळ, पास्टर त्यांच्या भाषेचा, नंतर आवारात तासभर चहा आणि गप्पा. प्रस्तावात त्यांना काहीच सोडायचं नव्हतं. खुद्द पास्टरसाहेबांनाही नाही. उलट एक उपासना मराठीतून घेण्याची कसरत वाचणार होती. जे सोडायचं ते सगळ्यांत थकलेल्या पंचवीस माणसांनी, आणि विश्वासाची प्रवचनंही त्यांनाच.

प्रकरणाचा गाभा इथे आहे. देवावर भिस्त ठेवून सेवाकार्यात बदल स्वीकारायचा म्हणजे काय, हे या मंडळीत इतके दिवस भावनेच्या भाषेत चाललं होतं. कुणाची श्रद्धा मोठी, कुणाची लहान. मावशींनी ते खर्चाच्या भाषेत आणलं. बदल मांडणारा स्वतः काय खाली ठेवतो आहे? तो रिकाम्या हाताने उभा राहायला तयार असेल, तर इतरांना 'भिऊ नका' म्हणायचा त्याला हक्क आहे.

मावशी हे पास्टरसाहेबांना घरी जाऊन बोलल्या, सभेत नाही. त्यांनी कसं घेतलं ते मला पुढच्या सभेत कळलं: त्यांनी स्वतःचा प्रस्ताव मागे घेतला आणि दुसरा मांडला.

जानेवारीत काय ठरलं

हिंदी उपासना साडेआठऐवजी आठला, आणि साडेनऊला देऊळ रिकामं. चहा आवारात न होता मागच्या हॉलमध्ये. पावणेदहा ते पावणेअकरा मराठी. अकराला विद्यार्थी. पास्टर एकच, तीन प्रवचनं शक्य नाहीत; म्हणून महिन्याच्या पहिल्या रविवारी ते मराठीत प्रभुभोजन देतील, बाकीचे रविवार सभासदांनी आळीपाळीने चालवायचे. कमिटीत विद्यार्थ्यांसाठी दोन जागा. त्यासाठी दोन जुन्या सभासदांनी पायउतार व्हायचं. त्यातले एक मराठी, एक हिंदी. बाजूच्या दाराची एक किल्ली विद्यार्थ्यांच्या गटाकडे. त्यांनी झाडलोट स्वतः करायची आणि त्यांचं अर्पण मुख्य खजिन्यातच जमा व्हायचं. सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं.

या शेवटच्या कलमावर कमिटीतल्या एका पंचांनी आक्षेप घेतला. देवाची इच्छा आहे असं मानून करतोय, तर मग मुदत कशाला? हा अविश्वासच झाला. प्रश्न वरवरचा नाही. पण प्रेषितांच्या कृत्यांच्याच पंधराव्या अध्यायातल्या यरुशलेमच्या सभेत बराच वादविवाद झाला, साक्षी झाल्या, आणि शेवटी जे पत्र गेलं त्यात 'पवित्र आत्म्याला आणि आम्हाला योग्य वाटलं' असं दोन्ही लिहिलं आहे. 'आम्हाला' हा शब्द त्यांनी गाळला नाही. आपलं ऐकणं चुकू शकतं हे मान्य करणाऱ्याची देवावरची भिस्त कमी झाली, असं मला वाटत नाही. स्वतःवरची कमी झाली असेल, आणि ती व्हायलाच हवी.

मिलचे आजोबा या ठरावाच्या विरोधात गेले. उठून म्हणाले, "करा. मी आड येणार नाही. पण मला पटलं म्हणून लिहू नका." इतिवृत्तात तसंच लिहिलं गेलं. १९७० मध्ये नागपुरात सहा मंडळ्यांनी आपापली जुनी नावं खाली ठेवून सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, उभी केली, तेव्हा अमेरिकन परंपरेची मेथॉडिस्ट मंडळी अगदी शेवटी बाहेर राहिली. म्हणून कुणी तिला अविश्वासी ठरवलं नाही. एकमत होत नसेल तर विरोध नोंदवून पुढे जाता येतं, ही जुनी चाल आहे.

नंतर

सगळं सुरळीत झालं नाही. हिंदी उपासनेतली दोन कुटुंबं दुसऱ्या मंडळीत गेली. आठला मुलं उठत नाहीत हे कारण त्यांनी दिलं, आणि चहाच्या गप्पा गेल्या हे दिलं नाही. मराठीत सभासदांची प्रवचनं सुरू झाली, त्यातली काही ऐकवत नव्हती. एका काकांनी जुन्या मासिकातला लेख चाळीस मिनिटं वाचून दाखवला आणि बाहेर विद्यार्थी पुन्हा पायऱ्यांवर बसले. त्यानंतर सिस्टरमावशींनी प्रवचनाला पंधरा मिनिटांची मर्यादा घातली आणि स्वतः समोर घड्याळ घेऊन बसू लागल्या. महिला मंडळाने विद्यार्थ्यांसाठी महिन्यातून एकदा मसालेभात करायचा ठरवला होता. तीन महिने केला, मग गुडघ्यांनी नकार दिला. आता पोरं स्वतःच खिचडी टाकतात आणि आज्यांना वाढून देतात, हे त्यातल्या त्यात बरं झालं.

विद्यार्थ्यांची संख्या परीक्षांबरोबर चढते-उतरते. मे महिन्यात देऊळ जवळजवळ रिकामं होतं, तेव्हा "याच्यासाठी आपण एवढं केलं?" हे वाक्य दोन-तीन तोंडांतून ऐकलं. एकदा बाजूचं दार रात्रभर उघडं राहिलं. चोरी झाली नाही, पेटी जागच्या जागी होती, पण सेक्रेटरीकाकांनी तारखेसह नोंद केली आणि ती आजही दाखवतात.

आजोबा चार महिने आलेच नाहीत. मग मावशींनी त्यांना न विचारता वाचनाच्या यादीत त्यांचं नाव लावलं आणि नातवाबरोबर यादी घरी पाठवली. आजोबा आले, वाचन केलं, आणि तेव्हापासून येतात. मत बदललं का, असं मी विचारलं. "नाही," म्हणाले, "पण पाळी लावली होती ना."

गिटारवाल्या तरुणाने मराठीत एक रविवार मागून घेतला. टिपणं वहीत मराठीत लिहून आणली, कठीण शब्दांखाली रेघा मारलेल्या. पंधरा मिनिटांऐवजी आठ मिनिटांत संपलं. आजींनी दारात त्याला तीन चुका सांगितल्या आणि पुढची तारीख विचारली.

मराठी उपासना मात्र वाढलेली नाही, हे सांगायला हवं. वर्षभरात दोघं देवाघरी गेली, आता संख्या विसाच्या आत आहे. सुपर कॉरिडॉरवरच्या आयटी कंपन्यांत पुण्याकडून आलेली एक-दोन मराठी जोडपी अधूनमधून येतात, टिकतील की नाही सांगता येत नाही. ही उपासना पुढे आपोआप संपेल असं बऱ्याच जणांना मनात वाटतं. मावशींना विचारलं तर म्हणतात, संपली तर संपेल, पण कुणाला हाकलून संपायची नाही.

पास्टरसाहेबांची बदलीची मुदत जवळ आली आहे. येणाऱ्या पास्टरवर ही व्यवस्था बंधनकारक नाही. तो पहिल्याच महिन्यात सगळं फिरवू शकतो, आणि तसं झालं तर कुणाकडे दाद मागायची हे ठरलेलं नाही. कमिटीतल्या दोन विद्यार्थ्यांपैकी एकीचं नर्सिंग पूर्ण होऊन ती गावी परतते आहे, तिच्या जागी अजून कुणी पुढे आलेलं नाही. या सगळ्यावर पुढच्या बैठकीत बोलायचं आहे. सेक्रेटरीकाकांनी विषयपत्रिका काढली, त्यात पहिला विषय घातला आहे: बाजूच्या दाराला नवीन कुलूप.